योजनेचा क्लेम वॉर्डातच तयार होतो: टेबलावर नव्यानं बसणाऱ्यांसाठी

दवाखान्यात सरकारी मोफत उपचाराच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले योजनेच्या टेबलावर नवीन पोरगं बसलं की पहिले काही आठवडे त्याचा एकच समज असतो. डिस्चार्ज झाला की कागद गोळा करायचे, स्कॅन करायचे, पोर्टलवर चढवायचे आणि पैशाची वाट बघायची. मग कुठला तरी क्लेम, म्हणजे उपचाराच्या पैशाची मागणी, कापून येतो, कुठला रिजेक्ट होतो आणि ट्रस्टींपासून औषध दुकानवाल्यापर्यंत सगळे आपल्याकडं बघायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो. पेशंट घरी गेला, टाके निघाले, एक्स-रे कुणाच्या तरी माळ्यावर पडला. आता मागाल ते मिळत नाही.

योजना राजीव गांधींच्या नावानं चालायची तेव्हापासून मी कोल्हापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात हे काम करते. वॉर्डात मला ‘योजनेच्या मॅडम’ म्हणतात. नाव कुणाला ठाऊक नसतं आणि त्याचं काही अडतही नाही. नवीन मुलांना जे मी तोंडी सांगत असते ते एकदा लिहून ठेवते. एवढंच ध्यानात धरा की दवाखान्याचे पैसे कॅज्युअल्टीत, वॉर्डात आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरात) मिळतात किंवा जातात. आपल्या टेबलावर त्याची फक्त बेरीज होते.

योजना काय आहे ते थोडक्यात

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात कोल्हापूर नव्हतं. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर झाली तेव्हा आपल्याकडं आली. २०१७ साली तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालायला लागल्या. राज्याच्या योजनेत पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख मिळायचे आणि मुख्यतः पिवळं आणि केशरी कार्ड चालायचं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं सगळे रेशनकार्डवाले आणि अधिवासाचा दाखला असलेले आत आले आणि मर्यादा पाच लाखांची झाली. १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटीकडं.

पाच लाख हे कुटुंबाचे, माणसाचे नव्हेत. आजोबांची अँजिओप्लास्टी आणि त्याच वर्षात सुनेचं ऑपरेशन असं असेल तर शिल्लक किती ते आधी पोर्टलवर बघायचं. बाहेरगावच्या दवाखान्यात आधी काय झालं हे नातेवाईक सांगतातच असं नाही. लपवतात असं नाही, त्यांना वाटतं तो विषय तिथंच संपला.

पॅकेज म्हणजे ठरलेली एकरकमी रक्कम. बेड, नर्सिंग, डॉक्टर, भूल, ओटी, औषधं, तपासण्या, इम्प्लांट, पेशंटचं जेवण हे सगळं त्यात. खासगी पेशंटचं बिल रोज वाढतं तसं हे वाढत नाही. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस चार दिवस राहिला काय आणि नऊ दिवस राहिला काय, रक्कम तीच. औषधोपचाराच्या केसेस, म्हणजे ऑपरेशन नसलेल्या, त्यातल्या बऱ्याच दिवसांवर चालतात. तिथं दिवस वाढले तर वाढीव मंजुरी मागावी लागते आणि ती मंजूर दिवस संपायच्या आधी मागायची. सोमवारी दिवस संपतात, डॉक्टर म्हणतात अजून दोन दिवस ठेवू, आणि आपण मंगळवारी दुपारी पोर्टल उघडतो, हे चालत नाही.

पहिला तास

सगळ्यात जास्त पैसे इथं बुडतात, म्हणून इथंच जास्त सांगते.

पेशंट स्ट्रेचरवर असतो. नातेवाईकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते, त्यात रेशनकार्ड, चार आधारकार्डं, जुन्या रिपोर्टांची फाइल, कधी सातबारासुद्धा. तुम्ही पिशवी टेबलावर घ्या. रेशनकार्ड उघडा आणि आत पेशंटचं नाव आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ‘आहे ओ मॅडम, सगळ्यांची हाईत’ या उत्तरावर जाऊ नका. परवा चंदगडकडचे एक मामा आले होते, सुनेला घेऊन. कार्ड लॅमिनेट केलेलं, कडेला पिवळं पडलेलं. आत मामांचं, मामींचं, दोन्ही मुलांचं नाव. सुनेचं नाही. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पण माहेरच्या कार्डातून नाव कमी करायला कुणी गेलं नाही आणि सासरच्या कार्डात घालायला कुणी गेलं नाही. अशा वेळी माहेरचं कार्ड मागवा. ती अजून त्या कार्डावर असेल तर त्यावर नोंद होते का ते नोंदणी करणाऱ्या आरोग्यमित्राला लगेच विचारा. माहेर आजऱ्याला असलं तर भाऊ फोटो काढून मोबाइलवर पाठवतो, मूळ कार्ड दुसऱ्या दिवशी एसटीनं येतं.

नावाचा घोळ तर रोजचा. कार्डावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’. कार्डावर ‘हौसाबाई’, आधारवर ‘होसाबाई’, केसपेपरवर कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनं ऐकून लिहिलेलं तिसरंच. माझा नियम असा की केसपेपरवर पहिल्या क्षणापासून आधारवरचंच नाव लिहायचं, घरचं नाव कंसात. एकदा केसपेपरवर चुकीचं नाव पडलं की ते एक्स-रेवर, लॅबच्या रिपोर्टवर, ओटी नोटवर, सगळीकडं जातं. तपासणारा मुंबईत बसून तीन नावं बघतो आणि त्याला तीन माणसं दिसतात. त्याचं काही चुकत नाही.

रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर बऱ्याच जणांना माहीत नसतो, कार्डावर हातानं लिहिलेला जुना नंबर असतो. तो नंबर मिळवायला रेशन दुकानदाराला फोन केला तरी काम होतं. दुकानदार मंडळी याबाबतीत तालुक्याच्या कचेरीपेक्षा लवकर उत्तर देतात, हा माझा अनुभव.

आरोग्यमित्र हा दवाखान्याचा नोकर नव्हे, योजनेचा माणूस. नोंदणी त्याच्याकडून होते. त्याच्याशी भांडून फायदा नाही आणि त्याला चहा पाजून नियम वाकतो असंही नाही. पण पेशंट आल्या आल्या त्याला कळवायची सवय लावा. रात्री दाखल झालेला पेशंट त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कळतो आणि मधल्या वेळात नातेवाईकांनी काउंटरवर डिपॉझिट भरलेलं असतं, मग सगळाच गुंता होतो.

आपल्या भागाच्या काही खास गोष्टी आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडचे ऊसतोड मजूर येतात. कोयता लागलेला हात, ट्रॉलीखाली आलेला पाय, अडलेली बाळंतीण. कार्ड गावाकडं, इथं फक्त आधार. कार्ड राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याचं असलं तरी इथं चालतं. गावाकडून फोटो मागवायचा आणि तोवर आधारवरून आयुष्मान कार्ड निघतंय का ते बघायचं. मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा, टोळी पुढच्या गावाला गेली की पेशंटचा मोबाइल लागत नाही.

दुसरं सीमाभागाचं. निपाणी, चिकोडीकडून माणसं कोल्हापूरलाच येतात, जिल्हा बेळगाव असला तरी. त्यांच्याकडं कर्नाटकचं कार्ड असतं. ते आयुष्मान भारतमध्ये बसत असतील तर आपल्या यादीवरच्या दवाखान्यात त्यांचा उपचार होतो, पण क्लेम त्यांच्या राज्याकडं जातो. राज्यातल्या क्लेमचे पैसे १५ दिवसांत आणि बाहेरच्या राज्यातल्यांचे ३० दिवसांत द्यायचे असं केंद्राच्या नियमात आहे. प्रत्यक्षात किती लागतात ते तुमच्या वहीत दिसेलच. शिवाय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू केली आहे. म्हणून निपाणीकडचा पेशंट दिसला की ‘तुमचं कर्नाटक, तुम्हाला नाही’ असं तोंडातून काढू नका, गाव यादीत आहे का ते आधी बघा.

तिसरं, नुकतं जन्मलेलं बाळ. त्याचं नाव कुठल्याच कार्डात नसणार. जन्माचा दाखला आणि आई-बापाचं कार्ड यावर काम चालतं, पण नोंद आईच्या नावानं ‘बेबी ऑफ’ अशी पडली आणि दाखल्यावर वेगळं नाव आलं की तपासणाऱ्याची क्वेरी, म्हणजे शंका, ठरलेली. आणि चौथं, सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा. ऑक्टोबर २०२४ अखेरपासून त्यांना उत्पन्नाची अट न बघता पाच लाखांचं वेगळं संरक्षण आहे, त्याचं वय वंदना कार्ड आधारवरून निघतं. मुलगा मोठ्या पगारावर असला तरी आजीचं कार्ड निघतं. हे निम्म्या घरांना माहीत नसतं. कुटुंबाचे पाच लाख तसेच राहतात, म्हणून सत्तरीचा पेशंट आला की हे आधी बघा.

मंजुरी मागताना

प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, डॉक्टरांच्या दोन ओळींवर टाकू नका. ‘फ्रॅक्चर फिमर, ओआरआयएफ’ (मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशननं बसवायचं) एवढ्यावर मंजुरी मागितली की क्वेरी येणारच. कुठला पाय, केव्हा मोडला, कसा मोडला, एक्स-रेवर पेशंटचं नाव आणि तारीख दिसते का. डावा-उजवा हा प्रकार हलका घेऊ नका. केसपेपरवर डावा, एक्स-रेवर ‘आर’ खूण आणि प्रीऑथमध्ये उजवा अशी केस माझ्या हाताखालून गेली आहे. पेशंटचा पाय मात्र बरोबर मोडला होता, जो मोडला तोच.

महामार्गावर कागलजवळ अपघात झाला आणि रात्री दोनला पेशंट आला तर सकाळची वाट बघायची नाही. तातडीच्या केससाठी फोनवरून कळवून मंजुरी घ्यायची सोय आहे, ती वापरायची आणि मंजुरीचा नंबर केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहायचा. अपघात असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करायचीच, त्याची प्रत फाइलला. विषारी साप चावून व्हेंटिलेटरवर गेलेला राधानगरी, शाहूवाडीकडचा पेशंट असाच. आधी उपचार, तोवर तुम्ही फोनवर. प्राथमिक केंद्रातून कुठली इंजेक्शनं देऊन पाठवलं ती चिठ्ठी नातेवाईकाच्या खिशात असते, ती मागून घ्या.

पॅकेज निवडणं डॉक्टरांचं काम, पण यादी तुम्हाला तोंडपाठ हवी. एकाच आजाराची जवळजवळ सारख्या नावांची तीन-चार पॅकेजं असतात, दुर्बिणीतून आणि उघडं करून असे वेगळे दर असतात. चुकीचं निवडलं आणि मंजूर झालं म्हणून खूश होऊ नका, क्लेमला ओटी नोट जुळली नाही की गेलं. एकाच वेळी दोन ऑपरेशनं केली तर जास्त दराच्या ऑपरेशनचे पूर्ण, दुसऱ्याचे निम्मे आणि तिसरं असेल तर पाव पैसे असा केंद्राच्या पॅकेजांचा हिशोब आहे. म्हणून दोन्हीची मंजुरी आधीच मागून ठेवायची. ओटीत पोट उघडल्यावर वेगळंच काही निघालं तर सर्जनकडून त्याच दिवशी कारण लिहून घ्या आणि बदल कळवा. आठवड्यानं लिहिलेलं कारण कुणी मानत नाही, आणि मानू पण नये.

क्वेरी आली की जे विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं. अँजिओग्राफीची चित्रं मागितली तर चित्रंच द्या. नवीन मुलं घाबरून अख्खी फाइल पुन्हा चढवतात, मग तपासणाऱ्याला त्या ढिगातून नवीन चार प्रश्न सापडतात.

पेशंटकडून काय घ्यायचं नाही

पॅकेज मंजूर झालं की त्या आजारासाठी पेशंटकडून एक रुपया घ्यायचा नाही. यावर दवाखान्यादवाखान्यांत कुजबुज चालते हे मला माहीत आहे. ‘पॅकेज परवडत नाही, चांगलं इम्प्लांट घालतो, वरचे वीस हजार घ्या’ असं म्हणणारे कन्सल्टंट सगळीकडं असतात. शहरातल्याच एका दवाखान्यात पावती न देता असे पैसे घ्यायची पद्धत पडली होती. एका पेशंटच्या भाच्यानं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि तक्रार केली. पैसे परत द्यावे लागले, चौकशी लागली आणि ती चालू असेपर्यंत बाकीच्या केसेसचे पैसेपण अडकून राहिले. वीस हजारांसाठी किती लाख थांबले त्याचा हिशोब तिथल्या अकाउंटंटनं मला पुन्हा पुन्हा ऐकवला. नीतीचं सोडा, नुसत्या जमाखर्चातसुद्धा हे बसत नाही.

अडचण येते ती मंजुरीच्या आधीच्या पैशांची. नोंदणी व्हायच्या आधी काउंटरवर डिपॉझिट घेतलं असेल, बाहेरून औषध आणायला सांगितलं असेल, तर मंजुरी आल्या दिवशीच ते परत करा आणि परत केल्याच्या पावतीवर सही घ्या. ‘डिस्चार्जला बघू’ म्हणू नका. डिस्चार्जच्या गर्दीत ते राहतं, आणि योजनेकडून पेशंटला फोनवर ‘पैसे मागितले का?’ असं विचारलं जातं तेव्हा तो खरं तेच सांगतो.

दुसऱ्या बाजूनं, पेशंटला स्पष्ट बोलायला लाजू नका. तपासण्या झाल्या आणि योजनेतलं काही निघालं नाही तर त्या तपासण्यांचा खर्च योजनेतून येत नाही, हे आधी सांगायचं. जनरल वॉर्ड सोडून खासगी खोली हवी म्हणाले तर योजना सुटते, हेही आधीच. मी असं बोलते: ‘मामा, रिपोर्टात ऑपरेशनचं निघालं तर सगळं योजनेत. नाही निघालं तर एवढे एवढे होतील. आता विचार करून सांगा.’ माणसं समजून घेतात. त्यांना राग येतो तो शेवटच्या दिवशी सांगितल्यावर.

वॉर्ड आणि ओटी

रोज सकाळी राउंड झाल्यावर एक फेरी मारा. हातात यादी हवी, पण सिस्टरांवर तपासणी करायला आल्यासारखं जाऊ नका. बीपी-टेम्परेचरचा तक्ता भरलाय का, डॉक्टरांची रोजची नोंद आहे का, त्यावर वेळ आणि सही आहे का. आयसीयूत तर तासातासाची नोंद बघतात. व्हेंटिलेटरचे दिवस मागायचे आणि चार्टवर सेटिंग नाही असं झालं की तो दिवस साध्या बेडच्या दरात बसतो, कधी बसतच नाही. औषधांच्या चार्टवर दिलेलं इंजेक्शन आणि फार्मसीतून गेलेलं इंजेक्शन यांचा आकडा जुळला पाहिजे.

इम्प्लांटचं स्टिकर. यावर मी वेगळा धडा घेऊ शकेन. प्लेट, स्टेंट, लेन्स, जे काही शरीरात घातलं त्याच्या पाकिटावर नंबर असलेलं चिकट लेबल असतं. ते ओटीतच, पाकीट फोडतानाच, ओटी नोटवर चिकटवायचं. एक लेबल नोटवर, एक बिलावर, एक रजिस्टरला. ओटीतला मुलगा पाकीट केराच्या डब्यात टाकतो आणि ती पिवळी पिशवी दुपारी उचलून नेतात. त्यानंतर डीलरकडून बिल मिळतं, पण लेबल मिळत नाही. आमच्या ओटीत मी भिंतीवर एक क्लिपबोर्ड टांगलाय, दोरीला पेन बांधून. लेबल आधी तिथं चिकटवायचं, मग हातमोजे काढायचे. सर्जन पहिल्यांदा हसले, आता तेच विचारतात लेबल लावलं का.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे, जखमेचा फोटो, काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, जे त्या पॅकेजला लागतं ते पेशंट दवाखान्यात असतानाच. फोटोत चेहरा आणि जखम दोन्ही असे काढायचे की माणूस ओळखू यावा, आणि बाईमाणसाचे असतील तर सिस्टर सोबत हवी, विचारून काढायचे. घाई असली तरी हे सोडायचं नाही.

पेशंट सल्ल्याविरुद्ध निघून गेला किंवा दगावला तर बरेच जण फाइल कडेला ठेवतात. ठेवू नका. पूर्ण पॅकेज मिळणार नाही, पण झालेल्या उपचाराची नोंद असेल तर त्याचं मागता येतं. दगावलेल्या पेशंटच्या घरच्यांकडं मात्र त्याच दिवशी सहीसाठी कागद घेऊन जाऊ नका. लागतील त्या सह्या ते दाखला न्यायला येतात तेव्हा घ्या.

डिस्चार्ज ते बँक

डिस्चार्ज कार्डवर दाखल तारीख, ऑपरेशनची तारीख आणि सुटी तारीख ही तीनही केसपेपरशी जुळतात का ते तुम्ही वाचा. आरएमओ (निवासी डॉक्टर) टाइप करतात तेव्हा मागच्या पेशंटचं कार्ड उघडून त्यावरच बदल करतात, मग पुरुषाच्या कार्डात गर्भाशयाची ओळ राहून जाते. सुटीनंतरची ठरावीक दिवसांची औषधं पॅकेजातच आहेत, ती द्या. फुले योजनेत घरी जायचं भाडंसुद्धा आहे, त्याची सही घ्या. गगनबावड्याच्या आजीला एसटीचे पैसे हातात मिळाले की ती चारचौघांना सांगते, त्याचा दवाखान्याला फायदाच होतो.

आता पैशाचं. एक हिशोब करून दाखवते, आकडे नुसते समजावण्यापुरते. समजा पॅकेज ३०,००० चं. इम्प्लांट आणि ओटीचं सामान ८,०००, औषधं-तपासण्या ५,०००, सर्जन आणि भूलतज्ज्ञ १०,०००, बेड-नर्सिंग-जेवण-वीज धरून ६,०००. झाले २९,०००. हजार रुपये शिल्लक. आता मंजुरी उशिरा मागितल्यामुळं ऑपरेशन दोन दिवस पुढं गेलं, बेडचे ३,००० वाढले. शिल्लक गेली, उलट दोन हजार खिशातून. त्यात नंतरचा एक्स-रे नाही म्हणून ३,००० कापले. पाच हजार तोटा. डॉक्टर म्हणतात योजना परवडत नाही. या केसमध्ये पॅकेज परवडत होतं, आपला उशीर परवडला नाही. काही पॅकेजं खरोखरच कमी दराची आहेत, त्यात वाद नाही. पण कुठली कमी आणि कुठं आपली गळती हे वेगळं काढल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

त्यासाठी एक्सेलची एक शीट पुरते. केस नंबर, पॅकेज, मंजूर रक्कम, मागितलेली रक्कम, आलेली रक्कम, कापलेली रक्कम आणि कापण्याचं कारण, बँकेचा यूटीआर (पैसे जमा झाल्याच्या व्यवहाराचा) नंबर, टीडीएस. कारणाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. महिन्याच्या शेवटी त्या रकान्यावर गाळणी लावा. ‘नोट अपूर्ण’ जास्त दिसलं तर वॉर्डात बोला, ‘लेबल नाही’ दिसलं तर ओटीत बोला, ‘पॅकेज चुकीचं’ दिसलं तर आरशात बघा.

टीडीएस सहसा दहा टक्के कापून पैसे येतात. ३०,००० मंजूर आणि बँकेत २७,००० दिसले की नवीन मुलं तीन हजारांची कपात म्हणून नोंदवतात. ती कपात नव्हे, तुमच्याच नावावर सरकारजमा झालेला कर आहे. अकाउंटंटकडून आयकर खात्याच्या कर-उताऱ्याशी दर तिमाहीला जुळवून घ्या. ट्रस्टचा दवाखाना असेल तर कमी दरानं कापणी व्हावी म्हणून आयकर खात्याकडून दाखला मिळवता येतो, सीएला आठवण करा. हातात रोकड कमी पडते ती अशाच ठिकाणी. औषधवाला आणि इम्प्लांट डीलर उधारीवर किती दिवस थांबणार ते ठरलेलं असतं, योजनेचे पैसे त्या तारखेला येतीलच असं नसतं. थकलेले क्लेम ३०, ६०, ९० दिवस असे वेगळे काढून ट्रस्टींना दाखवा. नुसतं ‘पैसे आले नाहीत’ म्हणण्यापेक्षा ते ऐकून घेतात.

रिजेक्ट झालेला क्लेम म्हणजे मेलेला क्लेम नव्हे. कारण वाचा, उत्तर असेल तर अपील करा, मुदतीत करा. जिल्हा समन्वयकाला कागद दाखवा, आणि तिथं सुटलं नाही तर जिल्हा तक्रार निवारण समिती आहे. पण ज्या केसमध्ये आपल्याकडंच नोंद नाही तिथं अपील करून वेळ घालवू नका. आणि नोंद मागाहून तयार करायचा मोह कुणी दाखवला तर सरळ नाही म्हणा. मागच्या तारखेची सही ही चूक नव्हे, फसवणूक आहे, आणि फाइलवर नाव तुमचं असतं.

योजनेत बसत नसेल तर

पेशंट योजनेत बसला नाही म्हणून त्याला रिकाम्या हातानं पाठवू नका. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला कामगार असेल तर त्याचं ईएसआयसी (कामगार विमा) आहे का विचारा, तो वेगळा मार्ग आहे. एकाच उपचाराचे पैसे दोन्हीकडून मागायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. ट्रस्टचा दवाखाना धर्मादायमध्ये येत असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात, आणि त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. या खाटांसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आणायला घरच्यांना पहिल्याच दिवशी तहसीलला पाठवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करायचा असेल तर खर्चाचं अंदाजपत्रक दवाखान्यानं सही-शिक्क्यानिशी द्यायचं असतं, ते मागितल्या दिवशी द्या. आणि आपल्याकडं तो उपचार होत नसेल तर भाऊसिंगजी रोडवर सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखाना, आहे. पाठवताना चिठ्ठीवर काय झालंय, काय दिलंय, कुठले रिपोर्ट सोबत आहेत ते वाचता येईल अशा अक्षरात लिहा. नाहीतर तिथल्या टेबलावर बसलेली आपल्यासारखीच कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून पिशवी उघडत बसते.

टेबलामागच्या भिंतीवर फुले योजनेचा १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५ हे दोन नंबर ठळक लावा. काही दवाखाने ते कपाटाआड लावतात, पेशंट तक्रार करेल म्हणून. उलट करा, पेशंटला बसल्या जागेवरून वाचता येईल असे लावा. रात्री आरोग्यमित्र जागेवर नसला की आमच्या कॅज्युअल्टीतले हाउसमन (ज्युनियर डॉक्टर) हाच बोर्ड बघून फोन लावतात.